विहीणबाई, घड उतरवला

विहीणबाई, काल घड उतरवला. तुम्हाला विचारल्याशिवाय या केळीचं पानही मी कधी कापलं नव्हतं, पण आता विचारायचं कुणाला? माझ्या सुजातने खालून घड पेलला, ऋजुताने कोयत्याने दांडा कापला आणि मी आपली नुसती ‘जपून, जपून’ करत उभी राहिले. तुमच्या लेकीला कोयता धरता येतो हे मला कालच कळलं. शाळेतल्या बाईंची मुलगी, मला वाटलं होतं पेनापलीकडे काही धरलं नसेल.

घड चांगला भरला आहे, पण डाग गेलेले नाहीत. टोकं काळी आहेत, मधे गंज चढल्यासारखे तपकिरी पट्टे आहेत, आणि खालच्या फण्या तर मंडईत कुणी फुकट दिल्या तरी घेणार नाही अशा. तुम्ही असतात तर पर्स उघडून आधी भिंग काढलं असतंत. मी चष्मा पुसून पाहिलं. मला डाग दिसले, पुढचं काही सुचलं नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. शनिवार पेठेत तुमच्या घरी सगळं रीतसर झालं. आम्ही बौद्ध माणसं, त्यातलं मला फारसं कळत नाही, पण शेवटच्या दिवशी गोडाच्या जेवणाला आले होते. पोटभर जेवले. तुमच्या घरी मी नेहमीच पोटभर जेवत आले. आणि पानावरून उठताना तोच जुना विचार डोक्यात आला, की मी या घरात कितीदा जेवले आणि या बाईने इतकी वर्षं माझ्या घरी घोटभर पाणीसुद्धा का घेतलं नाही? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं. बोलणार आहे मी. पण आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, ते आधी.

ही केळ मुळात तुमची. तुमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा मागच्या नळापाशी असलेलं केळीचं बेट जाणार होतं. तुम्ही त्यातला एक मुनवा, म्हणजे बुडातून फुटलेलं पिल्लू, ओल्या पोत्यात गुंडाळून रिक्षाने येरवड्याला आणलात. मुलांच्या लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. रिक्षावाला सीटवर माती सांडली म्हणून कुरकुरत होता. तुम्ही त्याला म्हणालात, “माती आहे हो, झटकली की जाते. तुमच्या सीटवरचं तेल काही जाणार नाही.” मी फाटकात उभी राहून हसू दाबत होते.

मग मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, तुम्ही मला खड्डा खणायला लावलात. “आणखी खोल. केळ लावायची आहे विहीणबाई, कोथिंबीर नाही.” मी खणत होते आणि मनात म्हणत होते, मुलीची आई आणि तोरा बघा केवढा. पण खड्डा बुजवून झाल्यावर तुम्ही वाकून त्या मातीवरून हात फिरवलात. “आमच्याकडे आता माती उरली नाही. तुमच्याकडे आहे, सांभाळा,” म्हणालात. मला तुम्ही त्या क्षणी फार आवडलात. मी लगबगीने आत जाऊन चहा टाकायला लागले, तर “नको” म्हणालात. पाणी आणलं, तर पिशवीतून स्टीलची बाटली काढून स्वतःचं पाणी प्यायलात.

विहीणबाई, मी काही दूधखुळी नाही. माझ्या आईवडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, आम्हा भावंडांना शिकवलं, मी सरकारी कचेरीत लागले. तिथे चहा यायचा तेव्हा कान तुटलेला कप नेहमी माझ्याच टेबलावर यायचा. कुणी वाईट वागायचं नाही. सगळे हसून बोलायचे, मुलाची चौकशी करायचे, फक्त डब्यातली भाजी माझ्यापर्यंत पोचता पोचता संपायची. साहेब बदलले, टेबल बदललं, बढती झाली, तरी तो कप माझी पाठ सोडेना. शेवटी मी घरून माझा कप नेला. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी माणूस कसं घेतो याकडे माझी नजर आपोआप जाते. त्या दिवशी ती तुमच्या बाटलीकडे गेली आणि मी मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले.

पण तुम्ही ते निदान टिकूही देत नव्हतात. मुलांचं लग्न आमच्या पद्धतीने झालं, तेव्हा तुमच्याकडची बरीच माणसं मागच्या खुर्च्यांवर अवघडून बसली होती आणि तुम्ही पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत होतात. आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात हे तुम्ही कुणाला तरी विचारून आला होतात. तुमच्याकडच्या एक बाई “शुभकार्यात पांढरं?” म्हणाल्या, तर तुम्ही त्यांना म्हणालात, “मुलगी माझी, साडीही माझी.” तुमच्या घरी मला तुमच्याच ताटांतलं ताट मिळायचं. तुम्ही शेजारी बसायचात आणि माझ्या पानातली चटणी बोटावर घेऊन “आज जमली आहे का बघू” म्हणायचात. जिला माझ्या ताटातली चटणी चालते, तिला माझ्या माठातलं पाणी का चालू नये, हे कोडं मला सुटेना.

ऋजुताने एकदा खुलासा केला. म्हणाली, आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या सासरी जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत, जुनी रीत आहे. अशी रीत असते हे मलाही माहीत होतं. पण मुलींना विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेली बाई ती पाळते, आणि नेमकी माझ्या दारात पाळते, हे मला पटेना. रीत खरी होती की रीतीचं पांघरूण होतं? तुम्हाला थेट विचारावं असं शंभरदा वाटलं. पण विहिणीला असं विचारतात का? आणि तुम्ही खरं उत्तर दिलं असतंत तर? त्याचीच मला भीती वाटायची.

त्या मुनव्याची केळ झाली, पण घड लागता लागता वळवाच्या वादळात आडवी पडली. तुम्ही फोनवर म्हणालात, “पिल्लू आहे ना बाजूला? मग रडू नका.” मी रडत नव्हते. फोन ठेवल्यावर रडले. त्या पिल्लाला यंदा दिवाळीनंतर केळफूल आलं आणि एकेक फणी उलगडायला लागली. मी रोज सकाळी ब्रश तोंडात धरून तिच्यापुढे उभी.

पुढे जे झालं ते दोन विहिणींनाच जमावं असं होतं. फण्या धरून झाल्या की खालचं केळफूल कापून टाकायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण केळ तुमची. तुम्ही म्हणत नाही तोवर मी सुरी कशी लावू? शिवाय केळफुलाची भाजी तुम्हाला प्रिय, ते मला मानाने तुमच्या हातात द्यायचं होतं. तिकडे तुम्ही बोलेनात. खड्डा खणताना हुकूम सोडणाऱ्या तुम्ही, पण झाडाची वस्तू तोंडाने मागायची वेळ आली तेव्हा एकदम मुलीची आई झालात. मी ऋजुताला सांगायची, “आईंना विचार, कधी येतात.” तुम्ही तिला सांगायचात, “त्यांना म्हणावं, तुमच्या सवडीने.” केळफूल आपलं लोंबतंय. केळ्यांच्या टोकांवरची फुलं वाळली, ती खुडायची असतात हे मला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्या मानापानात शनिवार पेठेत बसून होत्या. त्यातच कडाक्याची थंडी पडली. घड गारठेल म्हणून मी त्याला घरातली जुनी गोधडी गुंडाळली आणि वरून सुतळीने करकचून बांधली.

काही दिवसांनी गोधडी उचलून पाहिली तर बोटाएवढी केळी काळवंडलेली. सुजातने फोटो काढून मोबाईलला विचारलं. मोबाईलने चार रोग सांगितले, त्यातला एक आंब्याचा होता. मग मात्र मी मानपान बाजूला ठेवून तुम्हाला फोन केला आणि तुम्ही त्याच दुपारी आलात.

“काय हो, घडाला सर्दी झाली आहे का?” हे तुमचं पहिलं वाक्य. गोधडीला हात लावलात, ती दवाने ओलीचिंब होती. तुम्ही ती काढून दोरीवर टाकलीत आणि भिंग लावून बराच वेळ पाहत राहिलात. मग म्हणालात, “या खालच्या फण्या काढून टाका. काळं वर चढलं तर सगळा घड हातचा जाईल.”

मी इतके दिवस त्या घडाला जपत होते. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. “टाकते की,” मी म्हणाले. “नाहीतरी तुम्हाला आमच्या घरचं काही खायचं नाही. घड राहिला काय आणि गेला काय.”

तुम्ही भिंग खाली घेतलंत. “आमच्यात नातवंड होईपर्यंत लेकीकडे जेवत नाहीत. ऋजुताने सांगितलं असेल.”

“आणि पाणी?”

“पाणीही नाही.”

“आणि नातवंड झालंच नाही तर?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आपल्या दोघींनाही माहीत होतं की मुलांनी मूल नको असं ठरवलेलं आहे, आणि त्यात बोलायचं नाही असं आपण दोघींनी न बोलता ठरवलेलं होतं. “मग नाही,” तुम्ही म्हणालात. पदराने भिंग पुसलंत, चप्पल घातलीत आणि फाटकाबाहेर जाऊन रिक्षाला हात केलात. मी तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायलाही आले नाही.

आठवड्याने ऋजुताबरोबर तुमची एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आली. निरोप काय, तर घडाला सैल गुंडाळा, खालून उघडं ठेवा, वारा लागू दे, आणि टोकांची वाळकी फुलं आजच्या आज खुडा. बाकी एक शब्द नाही. मी तसंच केलं. फण्या मात्र काढल्या नाहीत, तेवढा हट्ट माझाही. केळफूल कापून ऋजुताच्या हाती पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, “आईंनी भाजी केली का गं?” ती गडबडली. म्हणाली, “शेजारच्या काकूंना दिलं तिने.” झालं. मी माझ्या निदानापुढे आणखी एक रेघ ओढली.

संक्रांत होऊन गेल्यावर एक दिवस तुम्ही न कळवता दारात उभ्या. मुलं कामावर गेली होती, संध्याकाळी ऋजुता येऊन तुम्हाला घरी सोडणार होती. चेहरा उतरलेला, पायांवर सूज. मी विचारलं, तर म्हणालात, “वयाची आहे, निघून जाईल.”

“वय निघून जातं?”

“माणूस जातो की.”

मी हसले. तुमच्या बोलण्याला हसायची सवयच लागली होती.

तुम्ही सांगितलंत, सकाळीच मंडईत जाऊन आले, तिथल्या केळ्यांवर असेच डाग दिसतात का ते बघायला. भिंग लावून बघत होतात, तर केळीवाला म्हणाला, “बाई, घ्यायची असतील तर घ्या, तपासणी नको.” तुमच्याच तोडीचा भेटला म्हणायचा. मग आपण मागे गेलो. तुम्ही स्टुलावर बसलात आणि मी साडी वर सरकवून घड तुमच्यासमोर धरला.

“डाग दिसला की घाबरायचं नाही आणि लगेच त्याला नावही द्यायचं नाही,” तुम्ही म्हणालात. वर्गात शिकवायच्या त्या आवाजात. “आधी तो कुठून सुरू झाला ते बघायचं. टोकाकडून चढला असेल तर वाळक्या फुलाचं काम. देठाकडून उतरला असेल तर झाडातच काही बिघडलंय. उन्हाच्या अंगालाच असेल तर भाजलंय. आणि असे मधेच गंजल्यासारखे पट्टे असतील तर फळ कोवळं असताना फुलकिड्यांनी खरवडलेलं असतं. फळ वाढतं तसा तो डागही वाढतो.”

“म्हणजे आपल्या घडाला काय झालंय?”

“दोन्ही. पट्टे किड्यांचे. टोकं फुलांची आणि तुमच्या गोधडीची.”

“आणि केळफूल मागायला कुणी आलं नाही, त्याचं?”

“तेही धरा,” म्हणालात. आपल्या सगळ्या ओळखीत तुम्ही दिलेली ती एकमेव कबुली.

मग खालच्या फणीतली सगळ्यांत वाईट दिसणारी केळी तुम्ही मला तोडायला लावलीत आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या विळीवर बसलात. एक आडवं चिरलंत. आत पांढरंशुभ्र. दुसरं चिरलंत, तेही तसंच. टोकाचं काळं नखभर आत गेलेलं, तिथेच थांबलेलं. “साल तेवढी वाईट. आत काही नाही,” तुम्ही म्हणालात. ही आता केळ्याबद्दलच बोलते आहे ना, असं मला वाटून गेलं. तुम्ही केळ्याबद्दलच बोलत होतात. आडून बोलणाऱ्यांतल्या तुम्ही नव्हतात.

चिरलेली केळी वाया कशाला घालवायची, म्हणून मी त्यांचे काप केले. तिखट, हळद, मीठ लावलं, रव्यात घोळवले, तव्यावर टाकले. तुम्ही हाताचा चीक तेलाने काढत बसला होतात. मी सवयीने दोन ताटल्या घेतल्या आणि दुसरी ठेवता ठेवता माझा हात आखडला. तुम्ही ते पाहिलंत.

“ठेवा,” म्हणालात.

मी ठेवली. चार काप वाढले. तुम्ही एक उचललात, फुंकर मारलीत आणि खाल्लात. मी तुमच्याकडे न बघता तव्याकडे बघत राहिले, कारण बघितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि तुम्ही त्यावर काहीतरी तिरकस बोलला असतात. “आणखी देऊ?” “द्या.” मी दिले. मग तुम्ही पाणी मागितलंत. माझ्याकडे मागितलंत. मी भांडं काठोकाठ भरून दिलं. तुम्ही खरोखरच एक घोट घेतलात आणि भांडं खाली ठेवलंत.

ऋजुता तुम्हाला न्यायला आली तोवर ताटल्या धुऊन झाल्या होत्या. तुम्ही दोघी रिक्षात बसून गेलात आणि मी ओट्याशी उभी राहून विचार करायला लागले, आजच का? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नातवंड! मुलांनी मन बदललं असणार, लेकीने आईला आधी सांगितलं असणार, म्हणून आईने आज रीत सोडली. विहीणबाई, मी त्या संध्याकाळी घरात अक्षरशः तरंगत होते. दुसऱ्या दिवशी मंडईत जाऊन डिंक आणला, खारीक आणली, सुनेला आंबट खावंसं वाटेल म्हणून आवळेही आणले. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी ऋजुताला जवळ बसवून म्हटलं, “तू मला काही सांगणार आहेस का? मला सगळं कळलंय.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग हमसून हमसून रडायला लागली. “तुम्हाला आईने सांगितलं?” म्हणाली. “मला तर शपथ घातली होती तिने, कुणाला बोलायचं नाही म्हणून.”

अशा रीतीने मला तुमचं दुखणं कळलं. किडन्या दोन वर्षांपासून कामातून गेलेल्या. डायलिसिसला तुम्ही दिवाळीतच डॉक्टरांना ‘नको’ म्हणून आला होतात. पाणी मोजून प्यायचं, आणि केळं, केळफूल, कच्चं केळं वर्ज्य, कारण त्यातलं पोटॅशियम तुमच्या रक्तातून बाहेर जाईना. ऋजुता रडत सांगत होती आणि मला समोर तो तवा दिसत होता. मी तिला विचारलं, “मग माझ्या कापांनी...” तिने माझा हात धरला. म्हणाली, “आई, मी डॉक्टरांशी बोलले आहे. तेवढ्याने काही झालेलं नाही. जे व्हायचं होतं ते आधीच झालं होतं.” मी ते ऐकलं. पटायला अजून वेळ लागतो आहे. आणलेल्या डिंकाचं काय करायचं ते मला कळेना, डबा अजून फळीवर आहे.

मला तुमचा फार राग आला होता. आणि त्या रागात स्वतःचं निदानही खोडत होते. शेजारी दिलेलं केळफूल माझ्या हिशेबातून काढून टाकावं लागलं. शेवटच्या दोन वर्षांतली बाटलीही काढावी लागली, ती तर पाणी मोजायला होती. पण त्याआधीची बाटली? ती उरतेच. तिचा खुलासा किडनीने होत नाही. तुम्ही शिकवलंत तसं मी मागे मागे जाऊन बघते, हे कुठून सुरू झालं. रीतीपासून, जातीपासून, की दोन्ही इतकं एकात एक वाढलेलं होतं की तुम्हालाही वेगळं करता येत नव्हतं? मला ठरवता येत नाही. तुम्हाला तरी आलं असतं का?

तुम्हाला शेवटचं भेटायला शनिवार पेठेत आले ते हेच विचारायला. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, खूप लहान दिसत होतात. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच विचारलंत, “टोकं आणखी काळी झाली का?”

“नाही. होती तिथेच थांबली.”

“मग बरं आहे. साडी काढू नका एवढ्यात.”

मी म्हणाले, “विहीणबाई, तुम्ही ते काप खायला नको होते.”

“ऋजुता बोलली वाटतं.” तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणालात, “पोटॅशियम काय असतं ते मी मुलींना शिकवत आले हो. मला सांगू नका.”

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. एकेक काप उचलताना ठाऊक होतं. मी पुढे विचारणार, तेवढ्यात कुणीतरी औषध घेऊन आलं आणि मी उठले. निघताना तुमच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. तुम्ही “या,” म्हणालात. त्यानंतर मी आले ती तुम्हाला पोचवायला.

चांगलं बोलणार म्हटलं होतं, तर ऐका. तुम्ही माझ्या मुलाला कधी जावयासारखं ताटकळत ठेवलं नाहीत, कान धरलात तर लेकाचा धरावा तसा धरलात. आमचे हे गेल्यावर पहिल्या रविवारी तुम्ही डबा घेऊन आलात आणि माझ्यासमोर मी जेवून होईपर्यंत बसलात, स्वतः उपाशी. त्या दिवशी तुमच्या न जेवण्याचा मला राग आला नव्हता. माझ्याशी भांडायला या शहरात आता दुसरं कुणी नाही. बाकी सगळे माझ्याशी नीट वागतात.

काल घड उतरवल्यावर ऋजुता ओसरीवर बसून कोयत्याचा चीक खोबरेल तेलाने पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, “आई, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी रिक्षात माझी आई बोलली ते. पुलावर आल्यावर आपणहून म्हणाली, ‘त्यांच्या हाताला चव आहे गं. इतकी वर्षं उगीच घालवली मी.’ तेवढंच. नंतर बाहेर बघत बसली.”

मी उठले. आत आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. अहो, मला तुमच्याकडून माफी नको होती, कारणही नको होतं. एवढं एक वाक्य पुरलं असतं. आणि ते तुम्ही लेकीला सांगितलंत, तेही रिक्षात, जेव्हा मी हातभर अंतरावर तवा धरून उभी होते तेव्हा नाही. ते माझ्या तोंडावर म्हणाला असतात, तर मलाही म्हणता आलं असतं, “मीसुद्धा, विहीणबाई.”